जालन्याचा उन्हाळा : आजार, धोके आणि खबरदारी

होळी झाली की मराठवाड्यात उन्हाची धग जाणवू लागते आणि गुढीपाडव्याला कडुनिंबाची पाने तोंडात टाकेपर्यंत दुपारचे रस्ते ओस पडू लागलेले असतात. जालना जिल्ह्यात एप्रिल आणि मे हे सर्वांत कडक महिने. पारा चाळीस अंशांच्या वर जातो, हवा कोरडी राहते आणि वळवाची एखादी सर आली तरच दोन घटका दिलासा मिळतो. १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याची दक्षिण सीमा गोदावरीने आखलेली आहे. दुधना, कुंडलिका, पूर्णा या नद्याही जिल्ह्यातून वाहतात. परंतु मे महिन्यात त्यांची पात्रे बहुतेक कोरडीच दिसतात. त्यामुळे येथील उन्हाळ्याचे आजार दोन कारणांनी होतात. पहिले कारण उष्णता आणि दुसरे पाण्याची टंचाई. यांपैकी पहिल्याविषयी बरेच बोलले जाते. दुसऱ्याने आजारी पडणाऱ्यांची संख्या मात्र मोठी असूनही तिकडे तेवढे लक्ष जात नाही.

ऊन लागते म्हणजे काय होते?

माणसाच्या शरीराचे आतील तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर राहावे लागते. बाहेरची हवा त्याहून गरम झाली की उष्णता बाहेर टाकण्याचा एकच प्रभावी मार्ग शरीराजवळ उरतो, तो म्हणजे घाम. घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो सुकावा लागतो. एक लिटर घाम त्वचेवर पूर्णपणे सुकला तर शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. कोरड्या हवेत ही क्रिया उत्तम चालते. पण तिच्यात एक फसगत आहे. जालन्यासारख्या ठिकाणी घाम आल्याबरोबर सुकतो, कपडे ओले होत नाहीत आणि शरीरातून किती पाणी गेले याचा अंदाजच येत नाही. 'मला तर घामच येत नाही' असे म्हणणारा माणूस तोवर लिटरभर पाणी गमावून बसलेला असतो.

पाणी आणि मीठ कमी झाल्याचे पहिले परिणाम म्हणजे पोटऱ्यांत गोळे येणे, डोके दुखणे, मळमळ, थकवा, उभे राहिल्यावर अंधारी येणे. त्वचा या अवस्थेत ओलसर व गार लागते, माणूस शुद्धीवर असतो आणि नीट बोलतो. सावलीत निजवून, पाय थोडे उंच ठेवून, मीठ-साखरेचे पाणी घोटाघोटाने पाजले तर तासाभरात बहुतेकांना बरे वाटते. तसे वाटले नाही किंवा उलट्या थांबत नसतील तर दवाखाना गाठावा.

उष्माघात ही याच्या पुढची आणि जीवघेणी अवस्था. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि मेंदूचा ताबा सुटू लागतो. रुग्ण असंबद्ध बरळतो, चिडतो, झोकांड्या देतो, त्याला झटके येतात किंवा शुद्ध हरपते. त्वचा कोरडी व तापलेली असते असे पुस्तकात लिहिलेले असते आणि घरात बसून उष्माघात झालेल्या वृद्धांच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे. उन्हात राबणाऱ्या तरुणाला मात्र उष्माघात झाला तरी अंगाला घाम असू शकतो. तेव्हा 'घाम येतोय, म्हणजे उष्माघात नव्हे' असा निष्कर्ष काढू नये. ताप आणि बिघडलेले भान ही दोन लक्षणे एकत्र दिसली की पुरे.

येथे अर्धा तास निर्णायक असतो. आपल्याकडे अशा रुग्णाला दोघांच्या मध्ये मोटारसायकलवर बसवून, भर उन्हातून, तालुक्याच्या गावी नेण्याची घाई होते. हेतू चांगला असला तरी त्या प्रवासात त्याचे अंग आणखी तापते. आधी गार करावे आणि मग हलवावे, हा क्रम डॉक्टरही सांगतात. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत रुग्णाला सावलीत घेऊन जादा कपडे काढावेत. सर्वांगावर साधे किंवा गार पाणी ओतत राहून पुठ्ठा, टॉवेल, पंखा, जे मिळेल त्याने वारा घालावा. बर्फ असल्यास फडक्यात गुंडाळून मान, काखा आणि जांघांत ठेवावा. पाण्याची टाकी वा हौद जवळ असेल तर शुद्धीवर असलेल्या तरुण रुग्णाला डोके वर धरून त्यात बसविणे सर्वांत परिणामकारक. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. पॅरासिटामॉलची गोळी येथे निरुपयोगी आहे. ती जंतुसंसर्गाच्या तापावर चालते, उन्हाने तापलेल्या शरीरावर नाही. रुग्णवाहिकेतही पाणी शिंपडणे थांबवू नये.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, ही समजूत आपल्या भागात घट्ट रुजलेली आहे. खिशातल्या कांद्याचा शरीराच्या तापमानाशी काहीही संबंध नाही. जेवणात कच्चा कांदा जरूर खावा. परंतु तो खिशात आहे म्हणून भर दुपारी डोके उघडे टाकून निघू नये. डोक्याचा पांढरा रुमाल किंवा उपरणे ही जुनी सवय त्याहून कितीतरी शहाणपणाची.

पारा किती, यापेक्षा ऊन किती वेळ

हवामान खात्याच्या व्याख्येनुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंशांपर्यंत पोहोचले आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वा त्याहून अधिक वाढले की उष्णतेची लाट मानली जाते. तापमान ४५ अंशांवर गेले तर सरासरी कितीही असो, लाटच समजतात. ही व्याख्या अंदाज वर्तविण्यासाठी उपयोगी आहे. पण तेवढ्यावर विसंबून चालत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे 'महाराष्ट्र भूषण' पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानावर झाला. जवळच्या केंद्रावर नोंदलेले तापमान चाळीसच्या आत होते. तरीही तासन्‌तास उन्हात बसलेल्या श्रोत्यांपैकी १४ जणांचा मृत्यू झाला. किनाऱ्याजवळच्या दमट हवेत घाम सुकत नाही, हे एक कारण आणि उठून सावलीला जाण्याची सोय नसणे हे दुसरे.

आपल्या जिल्ह्याला यातील दुसरे कारण थेट लागू पडते. लग्नाच्या वैशाखातील तिथी, रामनवमीला जांब समर्थ येथे होणारी गर्दी, प्रचारसभा, पाण्याच्या टँकरसमोरील रांग अशा सर्व ठिकाणी माणूस स्वतःच्या इच्छेने सावलीत जाऊ शकत नाही. लग्नाचा मुहूर्त दुपारी बाराचा आणि वरात साडेअकराला उन्हातून, हा प्रकार आता तरी थांबवायला हवा. गोरज मुहूर्त शास्त्रसंमत आहे आणि वैद्यकसंमतही.

भट्टी, फड आणि शेत

जालना शहराची ओळख लोखंडी सळयांच्या कारखान्यांमुळे देशभर आहे. या भट्ट्यांत पोलाद सुमारे दीड हजार अंशांच्या पुढे वितळवले जाते आणि बाहेरचे तापमान ४२ असो वा २२, भट्टीजवळच्या कामगाराला वर्षभर उन्हाळाच असतो. मे महिन्यात फरक एवढाच पडतो, की पाळी संपवून बाहेर आल्यावरही अंग गार होत नाही आणि रात्री पत्र्याच्या खोलीत झोप लागत नाही. अशा कामात तासाला एक लिटर किंवा त्याहूनही अधिक घाम जातो. तेवढे पाणी एकदम पिणे शक्य नसते. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पिणे शक्य असते. तहान लागण्याची वाट पाहू नये, कारण तहान नेहमी उशिरा लागते.

सर्वांत अधिक धोका नव्या कामगाराला असतो. उष्णतेशी जुळवून घेण्यास शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर येऊ लागतो, त्यातील मीठ कमी होते आणि रक्ताचे प्रमाण वाढते. म्हणूनच नव्या माणसाला पहिल्या दिवशी भट्टीजवळ पाळीचा साधारण पाचवा हिस्सा काम द्यावे आणि रोज थोडे वाढवीत न्यावे, असा व्यवसायजन्य आरोग्यशास्त्राचा नियम आहे. गावी जाऊन पंधरा दिवसांनी परतलेला जुना कामगारही पहिले काही दिवस नवाच समजावा. ठेकेदारीच्या पद्धतीत हा नियम पाळणे अवघड आहे हे खरे. पण तो पाळण्यास खर्च फारसा येत नाही. अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उन्हाळ्यात पिण्याचे पाणी गार करून देण्याची तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमातच केलेली होती, याचीही येथे आठवण द्यावीशी वाटते.

ऊसतोडीला गेलेली अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा भागांतील कुटुंबे गळीत हंगाम संपवून उन्हाळ्याच्या तोंडावरच परततात. फडावर आणि शेतात राबणाऱ्या स्त्रियांच्या आजारात एक गोष्ट हमखास सापडते, ती म्हणजे आडोसा नसल्यामुळे त्या दिवसभर पाणीच कमी पितात. परिणामी लघवीला जळजळ होते, वारंवार जावे लागते, ओटीपोटात दुखते. आपण याला 'उन्हाळी लागली' म्हणतो आणि सोडून देतो. धने-जिऱ्याचे पाणी, वाळ्याचे सरबत याने आराम पडतो, कारण त्यातून पाणीच पोटात जाते. परंतु ताप, थंडी वा लघवीतून रक्त आल्यास तो मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्यावर सरबत हा उपाय नव्हे. मुतखड्याच्या तक्रारीही याच दिवसांत वाढतात. लघवीचा रंग फिकट राहील इतके पाणी प्यावे, ही साधी खूण सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगी. रोजगार हमीच्या कामांवर सावली आणि पिण्याचे पाणी हवे, तसा स्त्रियांसाठी आडोसाही हवा. तो आरोग्याचाच भाग आहे.

शेतीची कामे सकाळी अकराच्या आत आणि सायंकाळी चारनंतर करावीत, हे सांगणे सोपे आहे. शेतकरी ते पूर्वीपासून करीतच आला आहे. अडचण रोजंदारीवरच्या मजुराची होते, कारण त्याच्या वेळा दुसरा ठरवतो.

काय प्यावे

पन्हे, मठ्ठा, ज्वारीची आंबील, लिंबू सरबत, सब्जा घातलेले पाणी ही आपली उन्हाळी पेये चवीबरोबर पाणी, मीठ आणि थोडी साखर पुरवतात. जालन्याची मोसंबी तर २०१६ पासून भौगोलिक मानांकन मिळविलेली आहे. रसाऐवजी ती सोलून खाल्ली तर अधिक चांगले. बाटलीबंद शीतपेयांत शंभर मिलिलिटरला साधारण दहा ग्रॅम साखर असते. त्यांनी जिभेचे समाधान होते, शरीरातील मिठाची तूट भरून निघत नाही. रक्तदाब आणि हृदयविकार असणाऱ्यांनी सरबतात मीठ घालताना, तसेच मधुमेहींनी पन्ह्याचा दुसरा पेला घेताना डॉक्टरांचा सल्ला आठवावा. मूत्रपिंडाच्या रुग्णाने 'भरपूर पाणी प्या' हा सरसकट उपदेश मानू नये. त्याचे प्रमाण त्याच्या डॉक्टरांनीच ठरवावे. लघवी वाढविणाऱ्या, रक्तदाबाच्या आणि काही मानसिक आजारांवरील गोळ्यांमुळे उन्हाचा त्रास लवकर होतो. गोळ्या परस्पर बंद करू नयेत. उन्हाळ्यापूर्वी एकदा डॉक्टरांना भेटावे.

सहा महिन्यांच्या आतील बाळाला उन्हाळ्यातसुद्धा आईच्या दुधाखेरीज पाणी देण्याची गरज नसते. आजीला हे पटवणे कठीण जाते. दूध अधिक वेळा पाजावे आणि आईने स्वतः पाणी अधिक प्यावे, म्हणजे झाले.

रस्त्यावरील रस, गोळा, कुल्फी यांत खरा प्रश्न बर्फाचा असतो. कारखान्यातील लादी मासे वा माल टिकविण्यासाठीही बनते आणि तिचे पाणी पिण्यायोग्य असेलच असे नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फाला निळसर रंग देणे बंधनकारक करण्यात आले. तरीही हातगाडीवरील बर्फ कोठून आला हे विचारण्याचा ग्राहकाला हक्क आहे आणि उत्तर न मिळाल्यास उसाचा रस बिनबर्फाचा घेण्याचाही.

टँकरचे पाणी

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना हा राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. जालना शहराची तहान भागविणारा निजामकालीन घाणेवाडी जलाशय आटला, मोसंबीच्या बागा वाळल्या, गावोगाव टँकरच्या खेपा सुरू झाल्या. अशा वर्षी गॅस्ट्रो, विषमज्वर आणि कावीळ यांची भीती अधिक असते आणि त्याचे कारण सरळ आहे. पाणी कमी झाले की माणूस प्रथम हात धुणे कमी करतो, नंतर भांडी आणि शेवटी मिळेल ते पाणी पितो. तळ गाठलेल्या विहिरीत आजूबाजूची घाण अधिक दाटते. शहरात नळ काही दिवसांआड येतो, मधल्या काळात जलवाहिनी रिकामी राहते आणि गटाराशेजारच्या गळतीतून मैला आत ओढला जातो. म्हणून नळ आल्यावर पहिली काही मिनिटे येणारे गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नये.

टँकर अनेकदा गावच्या विहिरीत रिकामा करतात आणि मग लोक पोहऱ्याने पाणी शेंदतात. टँकरमध्ये टीसीएल पावडर टाकलेली असली तरी विहिरीतल्या गाळात ती संपून जाते. शुद्धीकरण जेथून पाणी घरात जाते तेथे व्हायला हवे. साधारण हजार लिटर स्वच्छ पाण्याला चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम पावडर लागते, गढूळ पाण्याला अधिक. ती टाकल्यावर किमान अर्धा तास थांबावे लागते. उघड्या पोत्यात महिनोन्‌महिने ठेवलेल्या पावडरीतील क्लोरीन उडून जातो आणि उरतो तो चुना. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने ओटी चाचणी रोज करावी आणि नागरिकांनी ती पाहावी. पिवळा रंग आला नाही तर पाण्यात क्लोरीन नाही, एवढे ओळखणे कोणालाही जमते. घरी पाणी चांगले उकळी फुटेपर्यंत तापवून आणखी मिनिटभर ठेवावे, त्याच भांड्यात झाकून गार करावे आणि माठातून काढायला दांड्याचे ओगराळे वापरावे. उकळलेल्या पाण्यात बोटे बुडाली तर सारा उपद्व्याप व्यर्थ.

हगवण-उलट्या सुरू झाल्यावर जलसंजीवनी वेळेवर मिळाली तर मृत्यू बहुधा टळतो. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपल्यावर मीठ-साखरेचे द्रावण पिंपात कालवून रुग्णांना दिले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला. आजचे पाकीट त्याच उपायाचे सुधारित रूप आहे. मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवावे. अर्धे पाकीट अंदाजाने पेल्यात टाकू नये. केलेले द्रावण चोवीस तासांनंतर फेकून द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. मुलांना सोबत चौदा दिवस जस्ताच्या गोळ्या देतात. दुकानात 'ओआरएस' नावाने मिळणारी खोक्यातील गोड पेये जलसंजीवनी नव्हेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास मनाई केली. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी सहा-आठ तास झाली नाही किंवा शौचातून रक्त पडले तर घरी थांबू नये.

दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ मुख्यतः 'अ' आणि 'ई' विषाणूंची. यांतील 'ई' गर्भवतीसाठी फार घातक असते. शेवटच्या तिमाहीत ती झाल्यास चार-पाच बाधित स्त्रियांपैकी एकीचा जीव जाऊ शकतो. घरात गर्भवती असेल तर पाणी उकळण्याचा कंटाळा करणे म्हणजे तिच्या जिवाशी खेळणे आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची जी मोठी साथ आली, तीही पाण्यातूनच. कावीळ उतरविण्यासाठी गावठी औषध घेण्यात किंवा माळ घालण्यात दिवस घालवू नयेत. बहुतेक रुग्ण विश्रांतीने आपोआप बरे होतात आणि श्रेय माळेला मिळते. जो बरा होत नाही त्याचे यकृत मात्र तोवर निकामी होऊ लागलेले असते.

पंगतीचे अन्न

सकाळी शिजवलेला भात, वरण, बासुंदी दुपारी दोनपर्यंत मांडवात उघडी राहिली तर चाळीस अंशांच्या उष्णतेत जंतूंना याहून उत्तम उबवणी मिळायची नाही. एवढ्या उष्म्यात शिजलेले अन्न तासाभराहून अधिक बाहेर ठेवू नये. दुग्धजन्य गोड पदार्थांतील काही जंतूंचे विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही, त्यामुळे 'गरम करून खाऊ' हा युक्तिवाद पोकळ आहे.

उपवासाच्या भगरीबाबत स्वतंत्र सावधगिरी हवी. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंठ्याच्या शेजारच्या लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे सप्ताहात भगर-आमटीचा प्रसाद घेतल्यानंतर शेकडो लोकांना विषबाधा झाली. जागा अपुरी पडल्याने रुग्णांना उघड्यावर दोरीला सलाईन बांधून उपचार करावे लागले. भगरीवर बुरशी वाढते व तिचे विष शिजवण्याने जात नाही. सुटी, जुनी किंवा दळून ठेवलेली भगर घेऊ नये. बंद पाकिटातली तारीख पाहून आणावी आणि लागेल तेवढीच घरी दळावी.

घर, कूलर आणि डास

जुन्या मराठवाड्यातील माळवदाची घरे जाड मातीच्या धाब्यामुळे दुपारी गार असत. आता त्या जागी स्लॅब आणि पत्रे आले. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खोलीत सोडतो. वृद्धांचे मृत्यू पुष्कळदा अशा रात्रींनंतर होतात. छताला बाहेरून चुन्याचा पांढरा थर दिला तर खोली काही अंशांनी उतरते. बंद खोलीतील हवा चाळीसच्या वर गेली की नुसता पंखा गरम वाराच अंगावर मारतो. अंग ओल्या फडक्याने पुसून मग पंखा लावावा. उभ्या मोटारीत मुलाला 'दोन मिनिटे' ठेवून जाऊ नये. बंद काचेच्या गाडीत दहा मिनिटांत तापमान सुमारे दहा अंशांनी चढते.

कूलर हा मराठवाडा-विदर्भाचा खास सोबती आणि धोकाही तितकाच खास. पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी, पंप आणि वीज एकत्र नांदतात. पंपाची वायर कुजली की सगळा पत्रा विद्युतप्रवाही होतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून पाणी भरणारी गृहिणी किंवा जाळीला हात लावणारे मूल यांना विजेचा धक्का बसल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात. पाणी भरण्यापूर्वी पिन काढावी, नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. तीन पिनांचाच प्लग आणि खरेखुरे अर्थिंग असावे. घराच्या जोडणीत गळती ओळखून वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण बसवून घेतले, तर त्याचा खर्च एका साध्या कूलरपेक्षाही कमी असतो.

याच कूलरच्या टाकीत आणि टंचाईमुळे भरून ठेवलेल्या पिंपांत डेंगीचा डास वाढतो. त्याला स्वच्छ साठलेले पाणी लागते. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी नुसती रिकामी न करता घासून कोरडी करावीत. साठवलेले पाणी ओतणे ज्यांना परवडत नाही, त्यांनी पिंपावर दुपदरी कापड घट्ट बांधावे.

किरकोळ वाटणाऱ्या तक्रारी

घामोळे आल्यास सुती सैल कपडे आणि दोनदा स्नान. पावडरीचे थर लावू नयेत. घोळणा फुटला तर रुग्णाला आडवे निजवू नये. पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरावा. जांघेतल्या नायट्यावर औषध दुकानातून मिळणारी मिश्र मलमे लावू नयेत. त्यांतील स्टेरॉइडने खाज थांबते आणि नायटा पसरतो. कांजिण्या आलेल्या मुलाला आंघोळ बंद करण्याची काहीच गरज नाही, मात्र ताप उतरविण्यासाठी ॲस्पिरिन देऊ नये. गोवराची लस नवव्या महिन्यात आणि दुसरी मात्रा दीड वर्षाच्या सुमारास चुकवू नये.

मधुमेहींच्या इन्सुलिनकडेही लक्ष हवे. शीतकपाट नसेल किंवा भारनियमन असेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू भरून त्यात लहान मडके बसवावे आणि कुपी पिशवीत गुंडाळून आत ठेवावी. कोरड्या हवेत असे मडके बाहेरच्यापेक्षा बरेच गार राहते. बर्फाला चिकटून गोठलेले इन्सुलिन मात्र टाकून द्यावे.

विंचू आणि शेततळे

उन्हाळ्यात आणि वळवाच्या पावसात विंचू गारव्याच्या शोधात घरात शिरतात. लाल विंचवाचा दंश लहान मुलांच्या हृदयावर आघात करतो. या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध परिणामकारक ठरते, हे १९८० च्या दशकात जगाला दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातील देहेड गावचे. महाडला राहून त्यांनी हे काम केले. या उपचाराने गंभीर दंशातील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून एक टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली की मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नये. जखम कापू नये, दोरी आवळू नये. जमिनीवर झोपणे टाळावे, बाहेर ठेवलेली पादत्राणे झटकून घालावीत आणि घराला लागून दगड-लाकडांचे ढीग ठेवू नयेत.

शेततळ्यांनी या जिल्ह्यातील शेती सावरली. कडवंचीच्या द्राक्षबागा पाहायला दुरून शेतकरी येतात, ते उगाच नव्हे. पण सुटीत आलेल्या मुलांसाठी हीच तळी सापळा ठरू शकतात. प्लॅस्टिकचे अस्तर ओले झाले की त्याच्या उतारावर पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघेही बुडतात. प्रत्येक तळ्याला कुंपण असावे आणि चारही बाजूंनी काठावर पक्की बांधलेली, गाठी मारलेली जाड दोरी आत सोडलेली असावी. जुना हवा भरलेला ट्यूबही जवळ टांगून ठेवता येतो. बुडणाऱ्याकडे दोरी, काठी, साडी काहीही फेकावे. पाण्यात उडी घेऊ नये. बाहेर काढल्यावर पोट दाबून किंवा उलटे धरून पाणी काढण्यात वेळ दवडू नये. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास देणे आणि छातीवर दाब देणे लगेच सुरू करावे आणि १०८ ची गाडी येईपर्यंत ते थांबवू नये.